उघडं शटर

कॅमेरा कायम ज्याच्या गळ्यात, त्याचा फोटो काढणार कोण? म्हणून मलसूनबाईंच्या घरात त्यांच्या लेकाचा, दोंगउकचा, एकही फोटो नव्हता. तो मासेमारीच्या बोटीवर गेला तो परत आलाच नाही. श्राद्धाला ताटामागे नुसता नावाचा कागद ठेवायचा, हे त्या माउलीच्या जिवाला फार लागायचं.

त्या खेपेला घरीच राहिलेला त्याचा कॅमेरा घेऊन त्या कोरियातल्या योसू बंदराच्या धक्क्यावर, ओ आडनावाच्या मास्तरांकडे फोटो काढायला शिकू लागल्या. मास्तर वयाने लहान, पण तोंडाने फटकळ.

"मावशी, शटर म्हणजे दार. जितका वेळ उघडं, तितका उजेड आत. त्यात चालता माणूस पुसला जातो, थांबलेला उमटतो. आणि कॅमेऱ्याची तिवई सोडा हो, पळून जात नाही ती!"

दिवस मावळत होता. धक्क्यावर ही गर्दी! बाईंनी शटर दहा सेकंद उघडं ठेवलं. फोटोत सारी माणसं पुसली गेली होती. धक्क्याच्या टोकाला एकजण तेवढा उभा होता, पिवळ्या रेनकोटात. बाईंनी समोर पाहिलं. टोकाला कुणीच नव्हतं.

"असेल कुणी कोळी," मास्तर म्हणाले. "चेहरा हललाय बघा."

"माझा दोंगउक आहे तो... लेकाचे खांदे ओळखणार नाही मी?"

मास्तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले.

बाईंनी शटर लवकर मिटवून पाहिलं. फोटो काळा, आणि तो नाहीच. पुन्हा दहा सेकंद. तो आला, पण चेहरा पुसट.

"बाळा, एकदा नीट उभा राहा ना रे..." त्या रडकुंडीला आल्या.

"मावशी... मान हलवतोय तो. नको, नको म्हणतोय. चला घरी."

"मला चेहरा हवाय त्याचा! उजेड कसा वाढवायचा, तेवढं सांगा."

मास्तर नाइलाजाने म्हणाले, "भिंग पूर्ण उघडा... आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, वाढवा... आता दोन सेकंद पुरतील."

चेहरा आला! तेच नाक, तीच हनुवटी. बाईंनी कॅमेऱ्याच्या पडद्याला गाल लावला आणि त्यांना हुंदका फुटला. किती वाळलं होतं पोर!

मग त्यांनी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. दोंगउक आईकडे बघतच नव्हता. तिच्या खांद्यावरून, मागे, जरा वर कुणाकडे तरी बघत तो हात जोडून विनवत होता.

"मास्तर... माझ्या मागे कोण आहे?"

"कुणी नाही, मावशी," समोर उभे असलेले मास्तर म्हणाले. पण त्यांचीही नजर बाईंच्या खांद्यावरून मागे, जरा वरच लागली होती.