उपकरण : एक बटण

ही घटना खरी आहे.

ज्याच्या बाबतीत घडली, तो तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातला नाही. संगणक जोडून देणं हा त्याचा धंदा. स्क्रू मोजून काढायचे आणि मोजून लावायचे, हा त्याचा स्वभाव.

रात्र नव्हती. रविवार होता, सकाळचे साडेअकरा. बहिणीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर लख्ख ऊन पडलं होतं.

हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात.

त्याची ताई अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. तिचा आवाज खणखणीत, पण तिच्या जुन्या संगणकाचा पंखा त्याहून खणखणीत. मागे घरघर ऐकू येते म्हणून संस्थेने तीन पुस्तकं परत पाठवली होती. चौथं इतिहासाचं होतं. तेही परत आलं तर काम दुसरीकडे द्यावं लागेल, असं त्यांनी अगदी नम्रपणे कळवलं होतं.

म्हणून दाजींनी एक खोली मिळवली. खोली कसली, मोठं कपाटच. कानाच्या एका डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला, तिथली ही श्रवण तपासणीची केबिन, उचलून घरी आणलेली. भिंतींना आतून जाड फोम, फ्रिजसारखं रबराची कड असलेलं दार, दाराला वहीएवढी काच. आत एक स्टूल.

आणि धाकट्या भावाने त्या केबिनसाठी एकही पंखा नसलेला संगणक जोडायला घेतला.

"मिस्त्री, पंख्याशिवाय तापणार नाही का हा?" ताईने विचारलं. ती त्याला लहानपणापासून मिस्त्रीच म्हणते.

"तापेल की. हे पत्रे कशाला आहेत?" त्याने कॅबिनेटच्या दोन्ही बाजूंचे ॲल्युमिनियमचे जाड पत्रे दाखवले. "सगळी उष्णता यांच्यातून बाहेर."

प्रोसेसर बसवला. त्यावर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका. मग पेन ड्राइव्ह लावून लिनक्स ही सिस्टीम टाकायला घेतली. पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकू लागल्या.

"हे काय बिघडलं?" दाजी म्हणाले.

"बिघडलं नाही, दाजी. ती सांगतेय तिला काय काय सापडलं ते. मेमरी, डिस्क, माइक. बाकीच्या सिस्टीम या ओळींवर कंपनीचं चित्र टाकून ठेवतात. ही काही लपवत नाही. जे आहे ते दाखवते."

"मग आमच्या हिच्यासारखीच आहे."

"ऐकतेय मी," ताई म्हणाली.

वायफायचा ड्रायव्हर तेवढा मिळाला नाही. तो नंतर टाकू, असं त्याने ठरवलं. संगणक चालू होता, आणि आवाज म्हणाल तर शून्य. तिघे कान देऊन उभे राहिले. शेवटी ताईने पत्र्याला हात लावला.

"तापाच्या पोरासारखा लागतोय," ती म्हणाली.

सगळं केबिनमध्ये मांडलं. केबिनच्या छताला हवा खेळवायचा एक छोटा पंखा होता. तो बारीक गुणगुणायचा. त्याने त्याची वायर काढली आणि भोकात फोमचा बोळा गच्च बसवला.

आवाज म्हणजे आवाज.

मग रिकाम्या केबिनची चाचणी. रेकॉर्डिंग सुरू होताच हेडफोनमध्ये एक बारीक सूर वाजतो, माइक जागा आहे का ते बघायला. त्याने रेकॉर्डिंग लावलं, बाहेर आला, दार लावलं आणि एक मिनिट थांबला.

परत आत जाऊन ऐकलं. सूर... आणि पाठोपाठ...

टक.

मग पूर्ण शांतता.

पत्रा तापून फुगला असेल, तो म्हणाला. पुन्हा रेकॉर्ड केलं.

सूर...

टक.

त्याने सिस्टीमची नोंदवही उघडली. त्या पांढऱ्या ओळी तिथे वेळेसकट साठलेल्या असतात. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली.

उपकरण सापडलं : एक बटण.

खाली ते दाबल्याच्या दोन वेळा. सेकंदासकट जुळत होत्या.

खरं तर त्याला आनंदच झाला. दोष सापडला म्हणजे अर्धं काम झालं. त्याने कीबोर्ड बदलला. माउस काढून टाकला. भिंतीतून दवाखान्याच्या काळातली एक वायर लोंबत होती, ती ओढून काढली. दोन्ही टोकं कापलेली. कशालाच जोडलेली नव्हती.

सूर...

टक.

मग त्याने सूर लहान केला. आणखी लहान केला. शेवटी इतका, की कानाला हेडफोन घट्ट दाबूनही त्याला स्वतःला काही ऐकू येईना.

टक.

जे कोणी होतं, त्याचा कान मिस्त्रीच्या कानापेक्षा तिखट होता.

"असं बटण माझ्या हातात दिलं होतं की," जेवताना दाजी म्हणाले. "कानाच्या तपासणीत. आत बसायचं. सूर ऐकू आला की अंगठ्याने दाबायचं. डॉक्टर बाहेरून हेडफोनमध्ये सांगतात, झालं, या बाहेर. तोवर उठायचं नाही."

"तो दवाखाना का बंद झाला?" त्याने विचारलं.

"डॉक्टर गेले. तपासणी चालू असताना खुर्चीतच गेले म्हणतात."

"आणि आतला पेशंट?"

दाजींचा घास हातातच राहिला. "ते मी विचारलं नाही. खोकं उचलायला माणसं खोळंबली होती."

जेवण झाल्यावर दाजी आडवे झाले. ताई केबिनसमोर खुर्ची टाकून इतिहासाच्या पानांवर खुणा करत बसली. तो पकड घेऊन आत गेला, भिंतीतल्या जुन्या जोडण्या उखडून टाकायला. माइकवर उखडण्याचा आवाज कितपत येतो तेही बघायचं होतं, म्हणून दार त्याने स्वतःच ओढून घेतलं.

दोन वाजून दहा मिनिटं.

काम पाच मिनिटांत झालं. त्याने दार ढकललं.

उघडलं नाही.

खांद्याने ढकललं. कडीचा दांडा नुसताच गरगर फिरला. फोन बाहेर जेवणाच्या टेबलावर होता, उरलेल्या स्क्रूंच्या झाकणाशेजारी. वायफाय नव्हतं. छतातला बोळा काढायला गेला, तर बोटं पोचत होती पण बोळा हलत नव्हता. त्याने स्वतःच बसवलेला होता. चांगला बसवला होता.

संगणक आपली उष्णता इमानेइतबारे बाहेर टाकत होता. म्हणजे केबिनच्या आत.

त्याने काचेवर मुठी मारल्या. ताईला हाक मारली. त्याचा आवाज फोमने असा गिळला, की आपण हाक मारली की नुसता विचार केला, हे त्यालाच कळेना.

ताई सहा फुटांवर होती. तिने मान वर केली. सरळ काचेकडे पाहिलं.

आणि हसून अंगठा दाखवला.

मग पुन्हा पानात डोकं घातलं.

तो ओरडतच राहिला. पकडीने काच ठोकली. दोन थरांची काच, नुसता ओरखडा उठला. शर्ट भिजला. डोकं जड झालं. श्वास पुरत नव्हता. किती वेळ गेला कळत नव्हतं, आणि तेवढ्यात आकड्याला टांगलेल्या हेडफोनमधून...

सूर.

त्याने तो लावला नव्हता.

टक.

या वेळी ते रेकॉर्डिंगमधलं नव्हतं. त्याच्या कमरेच्या उंचीवर, डाव्या हाताला. जिथे स्टूल होतं.

पुन्हा सूर. टक.

पडद्यावर ओळी सरकत होत्या. बटण दाबलं. बटण दाबलं. बटण दाबलं. आज्ञाधारक माणसासारखं, एकही सूर न चुकवता.

आणि मग त्याला दाजींचं वाक्य आठवलं. तोवर उठायचं नाही.

त्याने माइक ओढला. माइकमध्ये बोललेलं हेडफोनमध्ये जायचं. दवाखान्यात बोलतात तसं सावकाश बोलला.

"झालं. तपासणी झाली. या बाहेर."

काहीच झालं नाही.

मग स्टूल किंचित करकरलं. बसलेला माणूस उठतो तसं.

त्याच्या अंगावरून गार हवा गेली. पडद्यावर शेवटची ओळ आली. उपकरण काढलं.

आणि दार उघडलं. त्याने हात लावला नव्हता.

तो गुडघ्यांवर बाहेर आला. घड्याळात दोन सत्तावीस.

"अरे, काय झालं?" ताईने पानं खाली टाकली. "इतका घामाघूम?"

"तू दार का नाही उघडलंस? काच ठोकत होतो मी."

"ठोकत कुठे होतास? स्टुलावर गप्प बसला होतास, हेडफोन लावून. मी अंगठा दाखवला, तर तूही दाखवलास. म्हणजे दाखवला नाहीस. असा नुसता... वाकवत होतास. पुन्हा पुन्हा."

तिने अंगठा दुमडून दाखवला. बटण दाबतात तसा.

त्याने तिला काही सांगितलं नाही. दाराची कडी बदलली, छतातला बोळा काढला, इतकंच. इतिहासाचं पुस्तक पास झालं. संस्थेने लिहिलं की इतकी निर्मळ शांतता त्यांनी आजवर ऐकली नव्हती. ताईला वर्षभराचं काम मिळालं. दर रविवारी तो फोन करून विचारतो, "आवाज येत नाही ना कसला?"

"नाही रे, मिस्त्री. काही नाही."

तिथे नाहीच.

त्या सोमवारी त्याने स्वतःच्या घरचा संगणक चालू केला. तीच सिस्टीम, काही न लपवणारी. पांढऱ्या ओळी वर सरकल्या. मेमरी. डिस्क. कीबोर्ड. आणि सगळ्यांत शेवटी...

एक बटण.

आता त्याने त्या ओळींवर चित्र टाकलंय. डोंगर आहेत, ढग आहेत. अशा लोकांना तो वर्षानुवर्षं हसत आला होता. चित्रामागे ओळी चालूच असतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक आहे. फोनचा आवाजही तो बंदच ठेवतो. शेजारच्या घरात काही वाजलं, तरी तो थांबतो आणि पाठोपाठ टक येतं का म्हणून कान देतो.

'झालं, या बाहेर' हे वाक्य पुन्हा म्हणून बघ, असं त्याला सुचवून झालं. तो नाही म्हणतो.

तेव्हा बाहेर म्हणजे केबिनच्या बाहेर होतं. आता बाहेर म्हणजे नेमकं कुठे, हे त्याला सांगता येत नाही.