बारतोंडी

औषधी झाडाला भूत चिकटवून ठेवणाऱ्याला खरं तर शिक्षाच व्हायला हवी! माणसं कण्हत राहतात आणि पानं झाडावरच पिकून गळतात. पिशवी शोधता शोधता अलफियाची ही बडबड चालली होती.

दोंडाईच्यात रंगाऱ्यांच्या पडक्या आवाराला लागून बारतोंडीचं झुडूप होतं. पान गरम करून बांधलं की सांध्याची सूज उतरते, हे फार्मसी शिकणाऱ्या अलफियाला ठाऊक होतं. आणि तिची अम्मी, नसीम, गुडघे धरून पावसाळाभर खाटेवर होती. गोळ्यांनी पोट तेवढं बिघडलं होतं.

"जाय बेटा," शेजारची कोकिळाअक्का म्हणाली, "पन पान तोडाना आगोदर सांगजो, 'गुडघानं दुखनं लई जाय.' त्यानी इचारानी वाट पाहू नको."

"अक्का, झाडाला कान असतात का?"

"तोंडं तर शेतस ना."

दिवेलागणीला ती तिथे पोचली. वारा पडला होता. पिकल्या फळांचा आंबूस, नासका वास लांबूनच आला. मीठ लावून लोक ही खातात तरी कशी! पांढुरक्या फळांवर बारीक तोंडंच तोंडं. सगळी मिटलेली. काही न बोलता ती पानं ओरबाडू लागली.

"काय... लई जाऊ?"

जाड, ओला आवाज. झुडपाच्या आतून. अलफियाचा हात थबकला. पलीकडे कुणी नव्हतं. एक पान हलत नव्हतं.

"लई जाऊ... काय?"

अक्काचं वाक्य ओठांवर आलं होतं. पण भीतीच्या आधी संतापच बाहेर पडला. "काय हवं ते ने! पण माझी अम्मी उभी राहू दे!"

वास एकदम विरला. ती पळत सुटली.

रात्री पानं बांधली. सकाळी भांड्यांच्या आवाजानं तिला जाग आली. अम्मी गॅसपाशी उभी! चहा ढवळत होती.

अलफिया रडत-हसत तिला बिलगली. "दुखतंय का गं?"

अम्मीनं मानेनंच नाही म्हटलं.

"बोल ना, अम्मी..."

अम्मीनं तोंड उघडलं. शब्द आला नाही. तो आंबूस वास तेवढा आला.

बाहेर दूधवाल्या चुडामणनं सायकल टेकवली आणि दारातूनच हाक दिली, "अलफिया, तुनी अम्मीले घर लई ये बरं. रंगारीसना आवारमां बशेल शे. झाडामांगे दिसनी नही, पन आवाज तिनाच शे... जो जाई त्याले इचारी राहिनी, 'काय लई जाऊ?'"