चौकटीबाहेरचे ठिपके

मी थापाड्या आहे, हे माझी बायकोसुद्धा चारचौघांत सांगते. पण ही गोष्ट शंभर टक्के खरी. हसायचं तर हसा.

वेळ दुपारची. शुक्रवार, एक वाजून दहा मिनिटं. सगळे जेवायला गेलेले.

भुतांना रात्रच लागते असं ज्याने सांगितलं, त्याला भूत भेटलेलं नाही.

आमच्या कारखान्याचं एक जुनं धुराडं होतं. साठ मीटर उंच. ते किती कललंय, हे एक यंत्र दर मिनिटाला मोजायचं आणि आकडा फाइलमध्ये लिहायचं. माझं काम सोपं. संगणकावर काळी खिडकी उघडायची, एका ओळीची कमांड टाइप करायची, एंटर मारायचं. आलेख हजर! एका आकड्याचा एक ठिपका. छापायचा, खाली सही ठोकायची.

मूळ आकडे मी कधी वाचले नाहीत. चित्र समोर असताना पाढे कोण म्हणत बसतो?

हा प्रोग्राम बसवून दिला होता माझ्या साडूने. तो तिथला मुख्य इंजिनिअर. मला चिकटवलंही त्यानेच. एका ताटात जेवलेलो आम्ही.

धुराड्याची डागडुजी करायचा खारोबा. खारीसारखा सरसर चढायचा, म्हणून हे नाव. चढण्याआधी रोज माझ्या खिडकीशी थांबायचा.

“काका, धुराडं कसं आहे आज?”

“ताठ! तुझ्या सासूच्या मानेपेक्षा ताठ. जा बिनधास्त.”

कल वीस मिलिमीटरच्या वर गेला की चढायचं नाही, असा नियम. त्या सोमवारी सगळे ठिपके वीसच्या खाली होते. मी जा म्हणालो.

खारोबा चढला. वरचा कठडा विटांसकट सुटला...

तो आवाज मी ऐकला. त्याबद्दल लिहिणार नाही.

चौकशी बसली. शुक्रवारी तीन वाजता मला आलेख घेऊन हजर व्हायचं होतं. सही माझी. दोष माझ्यावर आला तर नोकरी जाणार, वर कोर्टकचेरी. म्हणून जेवण सोडून मी सोमवारचा आलेख पुन्हा काढायला बसलो.

एंटर मारलं.

आणि बाहेरून आवाज आला...

टण.

धुराड्याच्या लोखंडी शिडीवर पाय पडल्यासारखा. शिडी तर मंगळवारीच कापून नेली होती.

टण...

आलेखाच्या चौकटीबाहेर, वरच्या कोऱ्या पट्टीत, एक ठिपका उमटला.

अहो, चौकटीबाहेर ठिपका पडतच नसतो!

टण... दुसरा.

टण... तिसरा.

पावलं वर वर जात होती. उतरत कुणीच नव्हतं.

मी मोजले. एक्केचाळीस. मग उंचावर कुणीतरी दम खात उभं असावं, तशी शांतता...

आयुष्यात पहिल्यांदा मी आकड्यांची फाइल उघडली. सत्तावीस. एकतीस. चौतीस...

वीसच्या वरचे आकडे नेमके एक्केचाळीस!

मग आलेखात का नव्हते? शोधता शोधता एक छोटी फाइल सापडली. प्रोग्राम सुरू होताना ती गुपचूप वाचतो. तिच्यात एकच ओळ. उभा अक्ष शून्य ते वीस. त्याच्या वरचं काही दाखवायचंच नाही. चौदाशे ठिपक्यांतून एक्केचाळीस गळाले, तर कुणाला पत्ता लागतो?

फाइल साडूच्या लॉगिनवरून लिहिलेली होती.

साडू दात कोरत आला. मी पडद्याकडे बोट दाखवलं.

“साडूभाऊ, कारखाना बंद पडला असता हो तुमच्या आकड्यांपायी,” तो मला म्हणाला.

“अरे, माणूस गेला!”

“सही कुणाची आहे?” तो शांतपणे म्हणाला. “आणि घरी बोलू नका. बहिणीबहिणींत उगाच वितुष्ट नको.”

पाठीत सुरी खुपसली, वर ती पुसून माझ्याच हातात दिली.

पण मी मनातून निर्धास्त होतो. खारोबा माझ्या बाजूने होता ना! मी साडूची ती ओळ पुसून टाकली, तिथे शून्य ते पन्नास लिहिलं. आलेख काढला. एक्केचाळीसही ठिपके चौकटीत आले.

तीन वाजले. चौकशीचे साहेब, मोठा पडदा, कोपऱ्यात पांढराफटक पडलेला साडू. मी तीच कमांड टाइप केली.

एंटर.

सगळे ठिपके... वीसच्या खाली.

अक्ष पन्नासपर्यंत गेलेला. वरची सगळी जागा रिकामी.

मी घाईघाईने आकड्यांची फाइल उघडली. अठरा. सतरा. अठरा. सोळा...

“आत्ता होते, साहेब! देवाशपथ होते!”

“तुमची ख्याती ऐकून आहे मी,” साहेब म्हणाले. साडूची ओळ दाखवावी, तर ती मीच पुसलेली.

साडू सुटला. मी घरी बसलो.

साडूचं मला कळतं. माणूस आहे, आपली कातडी वाचवतो. पण खारोबाने मला का बुडवावं? बारा वर्षं झाली, दुपारी एकला घास घशाखाली उतरत नाही.

मेलेला माणूस आपल्या बाजूने आहे, हे मी कशावरून धरून चाललो होतो?

आकडे न बघता त्याला वर पाठवणारा... साडू नव्हता.