उघाडीवरचे रविवार

मिताली चिखलात गुडघ्यापर्यंत रुतली, तेव्हा तिला पहिली काळजी वाटली ती कॅमेऱ्याची.

नोव्हेंबरातला रविवार होता. सकाळचे साडेसात. उरणच्या रस्त्याने जाताना आत वळलं की खाडीला लागून एक बंद पडलेलं मिठागर आहे. थंडी सुरू झाली की तिथल्या उथळ पाण्यात लांबलांबून पाहुणे पक्षी उतरतात – शेकाट्या, चिखल्या, टिलवे, तुतारी. आठवडाभर नवीन पनवेलच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासणारी मिताली रविवारी खांदा कॉलनीतून स्कूटी काढायची ती थेट इथे. त्या दिवशी एक तुतारी जरा जास्तच वाकड्या चोचीची वाटली. नक्की कोणती? थोडं जवळून मिळाली असती तर... म्हणून ती बांधावरून खाली उतरली. चार पावलं चिखल घट्ट लागला. पाचव्याला लागला नाही.

एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खोल जाई. फोन बॅगेत, बॅग बांधावर. आणि समोरची पाखरं हळूहळू मागे सरकू लागली होती. ती का सरकतायत हे तिला उशिरा कळलं. भरतीचं पाणी एखाद्या चादरीसारखं सपाट पसरत तिच्याकडेच येत होतं.

"हलू नका! अजिबात हलू नका!"

बांधावर एक तरुण उभा होता. उंच, उन्हाने रापलेला, खांद्यावर नवी कोरी लाकडी फळी.

"आता खाली बसा," तो म्हणाला.

"बसू? इथे?"

"हो, बसा. मागे रेला. उभं राहिलात तर आणखी जाल."

मिताली बसली. थंडगार चिखल पाठीपर्यंत आला आणि तिच्या डोळ्यांत पाणी. तोवर तो चिखलावर फळी आडवी टाकून फळीवरून पोटावर सरपटत आला होता. तिने दोन्ही हातांनी कॅमेरा पुढे केला.

"आधी हा घ्या."

"आधी तुमी!" तो ओरडलाच. "कॅमेरा काय बुडून मरतो?"

त्याने तिच्या पायाभोवतीचा चिखल हातांनी मोकळा केला, कोपराला धरलं, आणि एकेक पाय असा सोडवला की जणू रोजचंच काम. बांधावर पोचल्यावर मितालीने मागे पाहिलं. ती बसली होती तिथे आता पाणी होतं, आणि तिचा डावा बूट कायमचा खाडीच्या पोटात गेला होता.

त्याचं नाव परेश घरत. मिठागर त्याच्याच घरचं. भरतीचं पाणी आत घ्यायची-सोडायची जी उघाडी, तिची फळी कुजली होती. ती बदलायला तो आला होता, आत्याने महिनाभर टुमणं लावलं म्हणून. ती आत्या, कृष्णाबाई, बांधाच्या टोकाशीच राहायची. तिने मितालीवर चार बादल्या ओतल्या, आपलं लुगडं नेसायला दिलं आणि तांदळाची गरम भाकरी पुढ्यात ठेवली.

"वाचलीस गो बाय," ती म्हणाली. "खा आता. रडून झालं काय?"

"झालं," मिताली म्हणाली, आणि पुन्हा रडली.

पुढच्या रविवारी ती धुतलेलं लुगडं आणि पनवेलच्या बाजारातून पेढ्यांचा डबा घेऊन आली. परेश उघाडीवर बसला होता.

"हे... तुमच्यासाठी. थँक यू म्हणायचं राहूनच गेलं होतं."

"बारा वेळा म्हणालात. मी मोजलं." तो हसला. "पण ज्याच्यासाठी एवढी उडी मारलीत, तो पक्षी तरी मिळाला का?"

फोटो धूसर आला होता. तरी परेशने स्क्रीनवर वाकून बराच वेळ पाहिलं. तो बंदरात क्रेन चालवायचा. "वरून केबिनमधून थवे दिसतात," तो म्हणाला. "सगळे एकदम वळले की धुरासारखे. पण जवळ जाऊन कधी कोण कोण ते विचारलं नाही. आमच्याकडे सगळ्यांना एकच नाव – बारकी पाखरं."

"मग शिकवू?"

"शिकवा. फक्त बांधावरून."

रविवार सुरू झाले. मिताली पायांचा रंग सांगायची, चोचीची लांबी सांगायची, पुस्तकातली चित्रं दाखवायची. परेश मात्र चालीवरून ओळखायचा.

"तो टिलवा. टिपत चालतो. आणि ती तुतारी... ती शिवत चालते. बघ ना, टाके घातल्यासारखी."

मितालीने पाहिलं. खरंच टाके. तीन वर्षं फोटो काढत होती ती, आणि हे तिला दिसलं नव्हतं. दुसरंही एक तिच्या लक्षात आलं – तो 'बघा'वरून 'बघ'वर आला होता, आणि तिला ते आवडलं होतं.

जानेवारीत एके दिवशी त्याने तिच्या हातावर हलकेच बोट टेकवलं. "तिच्या पायात काय हाय?"

वाकड्या चोचीच्या एका तुतारीच्या पायात इवलीशी रंगीत पट्टी होती. मितालीने श्वास धरून फोटो काढले, आणि स्क्रीनवर डोकं लावून दोघांनी पट्टीवरची अक्षरं वाचली. पक्षी-अभ्यासकांना तिने ती कळवली. बारा दिवसांनी उत्तर आलं: सहा वर्षांपूर्वी पट्टी बांधलेली मादी. दर उन्हाळ्यात बर्फाच्या देशात जाते, दर थंडीत समुद्रकाठी उतरते.

"सहा वर्षं," परेश हळूच म्हणाला. "म्हणजे बाबा असताना पण आली असेल कदाचित. त्यांच्या मिठात पाय बुडवून गेली असेल."

मग त्याच्या बोलण्यातून मितालीला पहिल्यांदा कळलं, की वडील गेल्यापासून फळी बदलायला येईपर्यंत पाच वर्षं तो या बांधावर पाय ठेवायचं टाळत आला होता. तिने थर्मासमधला चहा अर्धा त्याला दिला, आणि मग आपला अर्धाही.

फेब्रुवारीच्या शेवटी ती बोलली. म्हणजे – अर्धंच बोलली.

"परेश, मला वाटतं की मला तू... म्हणजे तुझ्यामुळे..."

त्याचा चेहरा उतरला. "नको," तो म्हणाला. "माझ्यामुळे म्हणून नको. त्या दिवशी तिथे दुसरा कोणी असता, तर त्यानेही काढलं असतं. उपकार वाटतात तुला. त्याला दुसरं नाव देऊ नको."

त्यानंतर तीन रविवार तो आला नाही. फोन केला तर डबल ड्युटी. मितालीने तीनही रविवारी एकटीने फोटो काढले, आणि तीनही रविवारचे फोटो हलले.

चौथ्या रविवारी ती कॅमेरा न काढताच कृष्णाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली.

"तो आतच हाय," कृष्णाबाई मासळी निवडता निवडता म्हणाली. "सकाळपासून खिरकीतून बघतंय, तुझी गारी आली काय ती. सांगू नको म्हनला. मी काय बोलले नाय हां!"

परेश बाहेर आला. दोघं बांधावरून चालत गेली. मार्च संपत आला होता. काही तुतारींची पोटं विटकरी होऊ लागली होती. निघायचे दिवस.

मितालीच थांबली. "उपकार म्हणालास ना? ऐक. तुझे आभार मी दुसऱ्याच रविवारी मानले. पेढे दिले, लुगडं परत केलं, संपलं ते. त्यानंतरचे चौदा रविवार मी का आले, ते विचार."

"...का आलीस?"

"पक्ष्यांसाठी."

त्याचं तोंड इतकं पडलं की तिला हसू फुटलं. "निदान पहिले तीन-चार. पुढचे तुझ्यासाठी. आता तू सांग. दुसरी कोणी रुतली असती, तर तिच्याबरोबरही चौदा रविवार बसला असतास?"

परेशने उघाडीकडे बोट दाखवलं. "फळी लावून मी परत कधी येणार नव्हतो इथे. बाबांची जागा... बघवत नव्हती. तू मला ती परत दिलीस, मिताली. म्हणून भीती वाटली. उपकार खरं तर माझ्यावर हाय. मग तुला वाटलं असतं, हा ते फेडतोय."

"फेडतोयस का?"

"नाय," तो म्हणाला. "मला तू आवडतेस. रविवार सोडून पण आवडतेस. सोमवारी तर फार."

मितालीने त्याचा हात धरला. क्रेनच्या दांड्यांनी घट्टे पडलेला तो तळवा तिच्या बोटांभोवती मिटला.

"पाडव्याला घरी ये," ती म्हणाली. "आईला सांगितलंय मी."

"काय सांगितलंस?"

"की एक माणूस आहे, आणि त्याचं नाव घेतलं की मला उगाचच हसू येतं."

"मग काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, कळलंच होतं. त्याला पुरणपोळी दुधाबरोबर लागते की तुपाबरोबर, तेवढं विचारून ये."

परेशने गंभीरपणे विचार केला. "दोन्ही," तो म्हणाला.

पाण्यातून एक थवा उठला. वळताना पांढरा झाला, पुन्हा वळताना करडा, आणि उत्तरेकडे बारीक होत गेला. मिताली त्याच्याकडे पाहत राहिली. आभार मानावेत असं तिला फार वाटत होतं – कुणाचे, ते काही केल्या ठरेना. शेवटी तिने परेशचा हात आणखी घट्ट धरला, आणि दोघं भाकरी खायला आत्याकडे निघाली.