साफ केलेली गाणी

रविवारची जेवणं आटोपली होती आणि भाऊ नवा स्पीकर कौतुकानं पुसत होता. डब्याएवढा तो स्पीकर, पण त्याचं कोडकौतुक तान्ह्या बाळासारखं.

"ताई, बाबांची सगळी गाणी आता यात. नुसतं नाव घ्यायचं," म्हणत त्यानं एका गाण्याचं नाव घेतलं. गाणं सुरू झालं.

ताईनं डोळे मिटले. ती गाणं ऐकत नव्हती, वाट बघत होती. बाबा रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणी भरून घ्यायचे आणि तेवढ्या वेळात कुणी शिंकलं तरी डोळे वटारायचे. आई मात्र त्यांना जुमानायची नाही. या गाण्यात, दुसऱ्या कडव्याआधी बासरी संपता संपता, स्वयंपाकघरातून तिची हाक यायची, "ताई, दुधाकडे बघ गं!" आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचा आवाज आता तेवढाच उरला होता, बाबांच्या कॅसेटींवर, गाण्यांच्या मागे.

बासरी संपली. दुसरं कडवं सुरू झालं.

"आई कुठंय?" ताईनं विचारलं.

"काय?"

"तिची हाक कुठं गेली?"

"अगं, सगळं साफ करून घेतलं. खरखर, भांड्यांचे आवाज, मागची बडबड. आता ऐक ना, किती स्वच्छ वाटतंय."

"आणि कॅसेटी?"

"भंगारात दिल्या. बुरशी आली होती गं. तू उगाच…"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं घर डोक्यावर घेतलं. बडबड! बाबांनी जन्मभर डोळे वटारले तरी आई गप्प बसली नव्हती, आणि या दिवट्यानं एक बटण दाबून तिचं तोंड कायमचं बंद केलं! वर विचारायची तसदीही घेतली नाही. भाऊ मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला. अंगावर आलं की तो हेच करायचा. जिना उतरेपर्यंत ताईचा घसा बसला होता.

ताई एका इस्पितळात फोनवर रुग्णांना डॉक्टरांच्या वेळा द्यायची. सोमवारी घसा चांगला मोकळा झाला होता, तरी पहिल्याच फोनवर पलीकडचे आजोबा "हॅलो, हॅलो" करत राहिले. "मागे पंखा फिरतोय, पण माणूस काही बोलत नाही," असं घरात कुणाला तरी सांगून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या फोनवर तेच. तिनं हेडफोन बदलला, शेजारणीचा मागून घेतला. तेच.

शेवटी मुख्य बाईंनी तिच्या फोनचं रेकॉर्डिंग लावून बघितलं. त्यात खुर्चीची करकर होती. कागद उलटल्याचा आवाज होता, शेजारच्या टेबलावरचं खिदळणंही होतं. ताई जिथे बोलली होती तिथे काहीच नव्हतं.

"हल्ली ही यंत्रं नको तो आवाज आपोआप गाळतात. तुमच्या आवाजाला गोंगाट समजत असतील," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

ताईला हसू आलं नाही. तिचा आणि आईचा आवाज अगदी एक. फोनवर सख्खे नातेवाईकसुद्धा विचारायचे, "आई बोलतेय की ताई?"

तिनं भावाला फोन लावला आणि त्याची चांगली खरडपट्टी काढली. तो मधेच म्हणाला, "ताई? अजून रागावलीयस? काहीतरी बोल तरी." मग सुस्कारा सोडून त्यानं फोन ठेवला.

निदान समोरासमोर तरी बोलता येत होतं. गुरुवारी तेही गेलं. दुकानदार तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "बोला, काय देऊ?" तिनं तीनदा सांगितलं होतं. ती ओरडली. तिला स्वतःला आपला आवाज खणखणीत ऐकू येत होता. दुकानात कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

घरी येऊन तिनं कपाटावरचा बाबांचा टेपरेकॉर्डर खाली काढला. त्यांनी घेऊन ठेवलेली एक कोरी कॅसेट तिच्याकडे होती, वेष्टनही न फोडलेली. त्या जुन्या यंत्राला हवं-नको कळत नाही. पुढ्यात येईल ते सगळं ते भरून घेतं.

रविवारी तिनं तो भावाच्या टेबलावर नेऊन आदळला.

"आलीस? गेला एकदाचा राग," भाऊ म्हणाला आणि चहा ढवळत मोबाइल बघू लागला.

ताईनं बटणं दाबली. कॅसेट फिरू लागली.

"बडबड म्हणतोस तिला? तुझ्या घराची घडी बसवण्यात जन्म गेला तिचा! लाज नाही वाटत?" पोटातलं सगळं तिनं बाहेर काढलं. रागानं तिला रडू फुटलं.

"किती शांत वाटतंय ना," भाऊ मान वर न करता म्हणाला. "तू अशी नुसती येऊन बसलीस की."

तिनं कॅसेट मागे घेतली आणि लावली.

खरखर. चमच्याची किणकिण. मग तिचा आवाज, जसाच्या तसा. "बडबड म्हणतोस तिला?"

ताईच्या जिवात जीव आला.

आणि त्या आवाजाच्याही पुढे, अगदी जवळ, तोच आवाज पुन्हा.

"ताई, दुधाकडे बघ गं. कधीची हाका मारतेय. कुणी ऐकतच नाही."

खोलीत ती दोघंच होती.

भावाच्या हातातला चमचा खाली पडला. "आई! ताई, आई आहे ही! कुठं मिळाली तुला ही कॅसेट?" त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं घाईघाईनं मोबाइल टेपरेकॉर्डरशी नेला आणि आवाज भरून घेतला. "फक्त मागे दुसरी कुणी बाई ओरडतेय. थांब, तेवढी काढून टाकतो."

"नको!" ताई किंचाळली. तिनं त्याचा हात धरला. त्यानं माशी झटकावी तसा हात झटकला आणि बटण दाबलं.

खरखर गेली. ओरडणं गेलं. आईचा आवाज स्वच्छ आला.

"ताई, दुधाकडे बघ गं."

मग थोडा वेळ काहीच नाही. मग, कॅसेटवर नव्हतं ते.

"ताई? अगं, कुठं गेलीस?"

भावानं मान वर केली. त्यानं आधी स्वयंपाकघराकडे बघितलं, मग दाराकडे.

"ताई?" त्यानं हाक मारली.

ती त्याच्या समोरच बसली होती.