आजीची गोल पटाशी

"ढब्बू, फळ्यांमागे बघ! ठमे, तू भुश्यात!" ताईने हुकूम सोडला.

सुट्टीत आजोळी आलेली तिन्ही भावंडं आजोबांच्या खुर्च्या बनवायच्या शेडमध्ये सकाळपासून आजीची लाकूड कातायची, गोल धारेची पटाशी शोधत होती. आजी गेली तेव्हा तिची शेवटची खुर्ची अर्धी राहिली होती. तीन पाय तिने कातले होते. चौथा आज आजोबा कातणार होते, तिच्याच पटाशीने. आणि पटाशी गायब!

"उंदरांनी पळवली असेल," मामा म्हणाला आणि रंगाचा ब्रश घेऊन बाहेर सटकला.

"उंदीर काय खुर्च्या करणार आहेत?" ढब्बू पुटपुटला.

ठमी मात्र रंगाच्या डब्यांकडे टक लावून होती. "ताई, झाकणांच्या कडेला हे नखासारखे खड्डे कसले गं?"

ताई वाकली. स्क्रूड्रायव्हरचा खड्डा सरळ असतो. हे तर गोलसर होते!

"गोल पटाशी!"

"आणि डबे उघडतो मामा!" ढब्बू म्हणाला. "पण विचारलं तर कानांवर हात ठेवेल."

"विचारतंय कोण?" ताईने एका डब्याचं झाकण हातोडीने घट्ट ठोकलं. "मामा, हा डबा उघडतच नाहीये रे!"

"सरका! एक काम धड जमत नाही तुम्हाला!" मामा आला आणि सवयीने त्याने कपाटामागे हात घातला. पटाशी बाहेर!

"सापडली!" तिघं ओरडली. आजोबा दारातच उभे होते.

मामाचं तोंड एवढंसं झालं. "धारेचा टवका उडाला, बाबा. भीतीने लपवली."

आजोबांनी पटाशी त्याच्या हातातून घेतली. त्यांनी बराच वेळ पटाशी दगडावर घासली. मग चौथ्या पायाचं लाकूड लेथवर चढवून खालची पावडी पायाने दाबली. दोरी ताणली, लाकूड गरगरलं, वर बांधलेल्या लवचीक काठीने दोरी परत खेचली. पटाशी टेकताच ओल्या लाकडाचं लांब सालपट वेटोळं होत ठमीच्या पायांवर पडलं.

चौथा पाय बसला. खुर्ची डुगडुगली नाही!

"धार पुन्हा लावता येते," आजोबा म्हणाले. "ही मूठ कुठून आणली असती?" आजीच्या अंगठ्याने मुठीला खळगा पडला होता. त्यांनी ठमीचा अंगठा त्यात ठेवला. "बसतो का?"

"खळगा मोठा होतोय, आजोबा."

"होऊ दे. पुढच्या सुट्टीत बघू." त्यांनी तिघांना जवळ ओढलं. "शाबास रे पोरांनो! माझं घर आज पुन्हा भरल्यासारखं वाटतंय."