गावंडेबाईंचा आवाज

गावंडेबाईंचं निरोपाचं भाषण संपलं, पण वर्गातल्या एकवीस पोरांपैकी एकाचाही चेहरा बदलला नाही. पोरांनी दप्तरं उचलली. "येतो बाई, उद्या भेटू," म्हणत एकेक पोर बाहेर पडायला लागलं.

"अरे, उद्या कुठलं भेटू? आज शेवटचा दिवस माझा! आत्ता काय सांगत होते मी?"

पोरांनी गोड हसून मान डोलावली. "हो बाई, उद्या."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. अठ्ठावन्न वर्षांचं वय, त्यातली चौतीस शिकवण्यात गेलेली. थकवा आता हाडांत मुरला होता.

२०६८ साल होतं. मेळघाटातल्या या शाळेत प्रत्येक मुलाच्या कानामागे लसणाच्या पाकळीएवढं 'समकर्ण' असे. म्हणजे सगळ्यांना सारखा कान. बाई बोलल्या की त्यांचा आवाज ते मुलाच्या कानाबाहेरच अडवायचं आणि तेच बोलणं त्या मुलाच्या भाषेत, त्याला झेपेल त्या वेगानं पुन्हा बांधून ऐकवायचं. कोरकू बोलणाऱ्याला कोरकूत, ऐकू न येणाऱ्याला थेट मज्जातंतूतून, गोंगाटानं बावरणाऱ्याला अगदी सावकाश. एकच धडा एकवीस तऱ्हांनी पोचायचा. बाईंच्या कानामागेही एक होतं, मुलांचं बोलणं मराठीत आणणारं.

याला वाईट कोण म्हणेल? कोरकू घरातली सुकराय पहिलं अख्खं वर्ष शेवटच्या बाकावर मुकी बसून होती. मठ्ठ आहे पोरगी, असं बाईंनीच ठरवून टाकलं होतं. समकर्ण आलं आणि चौथ्या दिवशी तिनं हात वर करून विचारलं, चंद्र खाली का पडत नाही? त्या दिवशी बाई घरी जाऊन रडल्या होत्या, शरमेनं. तिला तरी नीट सांगून जायचं, एवढीच आता त्यांची इच्छा होती.

समकर्ण बनवणारे डॉक्टर पाळंदे तपासणीसाठी आले होते. मागच्या बाकावर ते पडद्यावरच्या नोंदी बघत बसले होते.

"डॉक्टर, पोरांनी ऐकलं तरी काय?"

"आजचं झालं, उद्या भेटू," पाळंदे ओशाळून म्हणाले.

"अहो बाप्पा! मी असं कधी म्हटलं?"

"शिक्षक बदलला की मुलं कित्येक महिने मागे पडतात, बाई. जी आधीच मागे असतात ती तर जास्तच. म्हणून शिक्षक बदलल्याचं समकर्ण त्यांना जाणवूच देत नाही, निरोपही गाळतं. पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलासाठी एक आवाज ठरवतो, ते ज्याला पटकन कान देतं तो. उद्या नव्या बाई येतील, त्याही त्याच आवाजात ऐकू येतील."

"आणि तोंड? तोंड तर माझं दिसतं ना त्यांना!"

"नव्या चेहऱ्याची सवय दोन दिवसांत होते. आवाजाची होत नाही."

"म्हणजे मी गेले हे कुणाला कळणारच नाही?"

"कुणाचं नुकसान होणार नाही," पाळंदे हळूच म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

सुकराय अजून दप्तर आवरत होती. बाई तिच्याजवळ गेल्या. "दोन मिनिटं हिचं काढते."

"बाई, नियमात बसत नाही ते."

"नियमात बसून बसून कंबर धरली जी माझी!"

त्यांनी तिचं समकर्ण काढलं, मग स्वतःचंही. "सुकराय, मी चालले गं बाळा. पहिल्या वर्षी तुला ओळखलं नाही मी. चुकलं माझं."

पोरगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. चार वर्षं मराठी शाळेत बसूनही तिला मराठी येत नव्हती, पहिल्या वर्षानंतर कधी गरजच पडली नव्हती. बाईंनी पूर्वी कोरकूचे वीसेक शब्द वहीत उतरवून घेतले होते. समकर्ण आलं आणि वही मिटली. आता त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ. सुकराय भिंतीला चिकटली आणि रडत रडत काहीतरी बोलली.

"काय म्हणते ही?"

पाळंदेंच्या कानामागे समकर्ण होतंच. सांगावं की नाही, असं त्यांना झालं.

"म्हणते, 'तू कोण आहेस? माझ्या बाईंच्या तोंडातून बोलू नको. बाईंना बोलाव.'"

बाईंनी दोन्ही समकर्णं जागेवर बसवली.

"आले गं, आले," त्या म्हणाल्या.

सुकराय त्यांना घट्ट बिलगली. "कुठं गेला होता बाई तुम्ही? मी किती भ्यायले!"

"इथंच होते," बाई म्हणाल्या.